अंगणवाडीच्या पायरीवरचे तीन आठवडे

दिवाळीची सुट्टी संपून अंगणवाडी उघडली, त्या सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं.

वेळ पक्की आठवते, कारण आतल्या भिंतीवरचं घड्याळ माझ्या अगदी डोळ्यांसमोर होतं. माझ्या साडेचार वर्षांच्या वेदने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली होती. मी मागून ढकलत होते, अंगणवाडीच्या ताई आतून त्याचे पाय ओढत होत्या. पोरगं मधल्या मध्ये आडवं! आणि ताई ओरडल्या,

"मनीषा, हळू गो! चौकट नवीन बसवलीय!"

पोराची नाही, चौकटीची काळजी!

त्या दिवसापासून तीन आठवडे मी अंगणवाडीच्या पायरीवर बसून काढले. तिथे किस्से असे साठतात, की घरी जाऊन पहिला सांगेपर्यंत दुसरा घडलेला असतो. आमचं गाव टोकावड्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून. अंगणवाडीत पटावर चोवीस पोरं, रोज येणारी दहा-बारा. उरलेली का येत नाहीत, ते मला तीन आठवड्यांत कळलं. पोरांमुळे नाही हो. आम्हा आईबापांमुळे!

पण आधी माझी गोष्ट सांगते. मुरबाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगचं काम मला लागलं होतं. सातवी शिकलेल्या बाईला कंपनीत घेतात, हेच मला खरं वाटत नव्हतं. आयुष्यातली पहिली नोकरी! तीन आठवड्यांनी हजर व्हायचं होतं. कंपनीची गाडी सव्वानऊला फाट्यावर येणार. सासूबाई रानातून एक वाजता येतात, त्यामुळे नऊ ते एक वेद अंगणवाडीत बसला पाहिजे. तिथल्या सुपरवायझर मॅडमने आधीच सांगितलं होतं, "पहिल्या महिन्यात खाडा केलात तर नाव काढणार."

आणि माझा वेद जन्मल्यापासून माझ्याशिवाय एक तास राहिलेला नव्हता. ताईंनी त्याला बसवला, की मी पायरीवर. तो दर पाच मिनिटांनी दारात येऊन मला बघून जायचा. मी नजरेआड झाले की भोंगा!

*

दुसऱ्याच दिवशी ज्योती आली. आमच्या शेजारची, लग्न माझ्यासोबतच झालेलं. तिच्या स्वराला तीन वर्षं पूर्ण झाली म्हणून पहिल्यांदा अंगणवाडीत घेऊन आलेली. नवा फ्रॉक, दोन बो, पायात वाजणाऱ्या चपला.

आता ज्योतीची पद्धत सगळ्या आळीला ठाऊक. पोरगी जेवली नाही, की हिचा आवाज चार घरं ऐकू येतो. "खा लवकर, नायतर अंगणवाडीत नेऊन टाकीन!" झोपली नाही, "थांब, अंगणवाडीच्या बाईला बोलावते!" दोन वर्षं हेच. कुणी बागुलबुवा दाखवतं, कुणी पोलीस. हिने अंगणवाडी दाखवली.

स्वरा आत गेली. रडली नाही, पडली नाही. आम्ही म्हटलं, वा! ताई खाली बसल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "ये बाळा, तुझं नाव काय?"

पोरीने दोन्ही हात जोडले.

"मी सगळा भात खाल्ला. मला सोडा."

पायरीवर आम्ही चौघी होतो. ज्योतीने तोंडावर पदर घेतला, हसली का रडली कळलं नाही. मी मात्र तिच्याकडे बघितलंच नाही. कारण मागच्याच आठवड्यात वेदने दूध सांडलं, तेव्हा मी काय बोलले होते ते मला आठवलं!

*

प्रतीक्षाची पद्धत याच्या अगदी उलट. तिचा आरव चार वर्षांचा. ती म्हणते, "पोराला मारायचा नाय, ओरडायचा नाय, झोपेतून उठवायचा नाय. त्याला वाटंल तेवा उठंल." ऐकायला चांगलं वाटतं. पण आरवला वाटतं साडेअकराला!

अंगणवाडीत अकराला गरम खिचडी शिजते. रोज बरोबर अकराला आरवचे आजोबा रिकामा डबा घेऊन यायचे.

"आजोबा, आरव?"

"झोपलाय."

"मंग डबा कशाला?"

"उठल्यावर खाईल ना!"

ताई कितीदा म्हणाल्या, की आहार येणाऱ्या पोरांसाठी आहे, हजेरीचा फोटो मोबाईलवर टाकावा लागतो, डब्याचा फोटो टाकू काय! आजोबा हसायचे. मदतनीस कमळमावशी डोक्याला हात लावायच्या आणि डबा भरायच्या. म्हातारा माणूस, उन्हातून आलेला, परत कसा पाठवणार?

एका गुरुवारी आजोबा आलेच नाहीत. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. मावशी पातेलं घासायला घेणार, तेवढ्यात दारात कोण उभं? आरव! नुसत्या चड्डीवर, केस उभे, हातात डबा. एकटा! मधे तो रस्ता आहे, ज्यावरून माळशेजच्या गाड्या सुसाट जातात. मी उडीच मारली पायरीवरून. ताईंच्या हातातली वही पडली.

"अरे, तू एकटा? आजोबा कुठं?"

आरवने डबा पुढे केला.

"आजोबा झोपलेत. त्यांची खिचडी द्या."

त्या दिवशी पहिल्यांदा आरवची हजेरी लागली!

*

दर्शनाची त्रिशा मात्र रोज यायची, रडायची नाही, हूं की चूं नाही. मला तिचा हेवा वाटायचा. मी विचारलं पण, "दर्शना, काय जादू केलीस गं?" ती नुसती हसली.

दुसऱ्या आठवड्यात एक दिवस अंगणवाडी एकदम गप्प झाली. तुम्हाला सांगते, दहा पोरं असलेली खोली गप्प झाली ना, की आत काहीतरी चाललेलं असतंच. ताई मागे मावशींना डाळ मोजून द्यायला गेल्या होत्या. मी पायरीवरून धावले, ताई मागच्या दाराने धावल्या. बघतो तर सगळी पोरं कोपऱ्यात गोल करून बसलेली, मधे त्रिशा, तिच्या मांडीवर मोबाईल! दर्शना रोज दप्तरात घालून द्यायची. पाटी नाही, मोबाईल!

माझा वेद तर सगळ्यांच्या पुढे. मी आलेली त्याला दिसलेपण नाही. तीन मिनिटं मी त्याच्या मागे उभी होते!

ताई हात पुढे करणार, तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. त्रिशाने सराईतासारखं बोट फिरवलं. तिचे पप्पा. ते कसाऱ्याला कामाला, पोरगी उठायच्या आत निघतात, ती झोपल्यावर येतात. सकाळच्या चहाच्या सुट्टीत पोरीला बघायचं म्हणून रोज फोन करत असणार. स्क्रीनवर दहा नाकं एकदम चिकटली. पप्पा बघतच राहिले. मग ताई दिसल्या, तसे कसनुसे हसले आणि म्हणाले,

"बाई, यातली आमची कुठली?"

सगळी पोरं हसली. मी पण हसले. संध्याकाळी दर्शनाला हा किस्सा रंगवून सांगायला गेले. ती हसली नाही. म्हणाली, "आज चौथा महिना, एकत्र जेवलो नाय आमी तिघं."

मी आल्या पावली परत फिरले.

*

आता रुपेश. बापमाणूस पोराला अंगणवाडीत सोडतो म्हणून आम्ही सगळ्या आपापल्या नवऱ्यांना त्याचं नाव सांगायचो. रुपेशचं म्हणणं एकच, "शिस्त! माझी पोरगी एक दिवस चुकलेली नाय. पाऊस असो, काय असो!" त्याची परी पाच वर्षांची. चालताना हात सरळ, बसताना घडी घालून.

दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी परी आली ती काळा चष्मा लावून. मोठ्या माणसाचा, कानांवरून निसटणारा.

ताई म्हणाल्या, "हे काय गो?"

रुपेशने मोटरसायकल बंदपण केली नाही. "डोळं आलंत तिचं. चष्मा लावलाय, काय होत नाय. खाडा नको!" आणि गेला भुर्रकन.

ताईंनी परीला बाजूला बसवायला सतरंजी टाकेपर्यंत चष्मा परीच्या नाकावर राहिलाच नाही. सगळ्या पोरांना हिरो व्हायचं होतं! चष्मा स्वराकडे, स्वराकडून त्रिशाकडे, त्रिशाकडून वेदकडे. ताई ओरडताहेत, "नको! नको! धुवा हात!" मी आत धावले, वेदच्या डोळ्यांवरून चष्मा ओढला. तो म्हणतो, "आई, सगळा काळा दिसतो, मस्त!"

शुक्रवारी वेदचे डोळे लाल. शनिवारपर्यंत सात पोरांचे. अंगणवाडीत उरली परी, एकटी. तिचे डोळे तोवर बरे झाले होते!

माझे पाच दिवस गेले. पाच! कंपनीला हजर व्हायला उरले सहा. मी रात्री बोटं मोजायची, वेदच्या डोळ्यात थेंब घालायची, आणि परत बोटं मोजायची. आमचे हे म्हणाले, "नसंल जमत तर नको जाऊ, कोण मागं लागलंय?" मी तोंड फिरवून झोपले.

आणि इकडे सोमवारी रुपेश ताईंकडे तक्रार घेऊन आला. रिकामी खोली बघून हात कमरेवर ठेवून म्हणतो कसा,

"बाकीची पोरं का येत नाईत, बाई? पालकांना शिस्तच नाय!"

*

डोळे बरे झाले आणि बुधवारी एक चमत्कार झाला. वेद पाऊण तास आत बसला. दारात आला नाही! ताईंनी गोष्ट सांगितली, तो मांडी घालून ऐकत होता. ताई बाहेर येऊन मला म्हणाल्या, "बघ गो, कसा गुणाचा बसलाय!"

नेमक्या त्याच वेळेला सासूबाई तिथून चालल्या होत्या. डोक्यावर गवताचा भारा. त्यांनी ते ऐकलं. भारा तिथेच टाकला आणि घराकडे वळल्या. मला वाटलं, तहान लागली असेल.

दहा मिनिटांनी आल्या, मूठ बंद. माझ्याशी बोलल्या नाहीत, सरळ आत. वेदवरून मूठ तीनदा ओवाळली, पुटपुटल्या, आणि मागच्या खोलीत जाऊन मीठ, मोहरी आणि सात लाल मिरच्या मावशींच्या पेटत्या शेगडीवर टाकल्या. पातेल्याच्या खाली!

तुम्ही कधी बंद खोलीत मिरची जाळलीय? पहिल्यांदा मावशी खोकत बाहेर आल्या. मग ताई. मग पोरं, एकामागे एक, नाकं-डोळे पुसत, शिंकत, रडत. रस्त्यावरची जीप थांबली, माणसं विचारायला लागली, "आग लागली का?" वेद माझ्या गळ्यात, आणि परत नखं रोवून मला धरलेलं! सगळ्या आया आल्या, आपापलं पोर उचलून निघाल्या. सव्वादहाला अंगणवाडी रिकामी.

सगळ्यात शेवटी सासूबाई बाहेर आल्या. त्यांना खोकला नाही की काही नाही. मी म्हटलं, "आई, हे काय केलंत वो?"

त्या समाधानाने म्हणाल्या,

"सगळ्यांना ठसका लागला. म्हंजे नजर नव्हतीच लागलेली. खात्री केलेली बरी!"

*

एक बाई मात्र त्या पायरीवर कधी बसली नाही. वाडीवरची सुमन. ओढ्यापलीकडची वाडी, तिथली माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, पावसाळ्याला परत येतात. सुमन रोज आमच्या आधी यायची. कधी कधी दाराला कुलूप असायचं तेव्हापासून पोरीला घेऊन उभी. ताई आल्या, की पोर आत, आणि ही चालायला लागली. एकदापण मागे वळून बघायची नाही. तिची कविता जेमतेम चार वर्षांची!

आम्ही पायरीवर बोलायचो, "बघ, कशी दगडाची बाई आहे!" मी पण बोललेय, खोटं कशाला सांगू?

गुरुवारी न राहवून मी तिला अडवलं. "सुमन, तुला काय वाटत नाय का गो? मागं बघतपण नाय तू?"

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी पायरीवरच सरकले.

"वाटतं ना. मागं बघलं त माजा पाय निघंल का? आन् पाय नाय निघाला, त पोर भट्टीवर जाईल, चिखलात बसंल. हितं चटयीवर बसतं."

शनिवारी त्यांचा ट्रक येणार होता. ती ताईंकडून कागद लिहून घ्यायला आली होती, भट्टीजवळच्या अंगणवाडीत दाखवायला. बारा वर्षांच्या नोकरीत असा कागद स्वतःहून मागायला कुणी आलं नव्हतं, असं ताई नंतर म्हणाल्या. ताईंनी पोरीचं नाव लिहिलं, वजन लिहिलं, लसी लिहिल्या, सही केली. सुमनला वाचता येत नाही. तरी कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत बघितला आणि परत ताईंच्या पुढे ठेवला.

"आजून लिवा. पयले दोन दिस पळंल. धरून ठेवा म्हनावं, सोडू नका. तिसऱ्या दिशी बसते."

मी चाटच! म्हणजे कविता पण पळत होती? ताई हसल्या. "आगं, जूनमध्ये दोन्ही दिवस वाडीपर्यंत धावलेय मी तिच्या मागं. ही सुमन ओढ्यापलीकडनं बघत व्हती, पन घ्यायला आली नाय. झाडाच्या मागं बसून रडत व्हती."

ताईंनी ते लिहिलं. जसंच्या तसं. सुमनने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि गेली. मागे बघितलं नाही.

*

रविवारी संध्याकाळी ताई स्वतः घरी आल्या. चहा घेतला नाही. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मनीषा, उद्या तू पायरीवर बसायचा नाय. आन, ठेव, आन् गाडी पकड. वेदला सांगून जायचा, पळून जायचा नाय. बाकी मी बघते."

सोमवारी मी सांगितलं, "वेद, मी कामाला चालले. दुपारी आजी येईल, संध्याकाळी मी येईन." तो ऐकून घेईपर्यंत ठीक होता. मी पाठ फिरवली आणि जो आरडाओरडा झाला! कंपनीच्या गाडीत बसले, तरी कानात तोच. चहाच्या सुट्टीत ताईंना फोन लावला. हॅलोच्या आधी भोंगा ऐकू आला. ताई धापा टाकत होत्या. "दोनदा पळाला, दोनदा आणला. तू फोन ठेव, काम कर."

मंगळवारी परत फोन. "एकदा पळाला. आत्ता रडून रडून झोपलाय." मी खोक्यावर चिकटपट्टी उलटी लावली. मॅडम म्हणाल्या, "लक्ष कुठे आहे?"

बुधवारी मी फोन केला नाही. हिंमतच झाली नाही. आणि अकराच्या आधीच माझा फोन वाजला. ताईंचा! आपणहून! कामात फोन घ्यायची परवानगी नाही, पण मला त्याचं भानच राहिलं नाही. हातातलं खोकं खाली पडलं, मी ओरडलेच,

"ताई! काय झाला? रस्त्यावर गेला का? पडला का? मी निघते, मी आत्ता निघते!"

सगळी लाइन माझ्याकडे बघायला लागली. मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"आगं बाई, थांब! श्वास घे! ओटीपी आला असंल बघ तुझ्या फोनवर. वेदचं नाव अ‍ॅपमधे टाकतेय, तेवढा आकडा सांग."

ओटीपी! भिंतीला टेकून मी आकडे सांगितले. मॅडम समोर येऊन उभ्या, हाताची घडी. मी त्यांना बोटाने खूण केली, एकच मिनिट, आणि फोनमध्ये म्हटलं,

"ताई, तो रडतोय ना? आवाज का येत नाय त्याचा? त्याला द्या ना फोन. नुसता आवाज ऐकवा."

ताईंनी हाक मारलेली मला ऐकू आली. "वेद! ये रे, आईचा फोन हाय!"

काही नाही. परत हाक. "वेद, आई बोलवतेय!"

मग लांबून, ठोकळे पडल्यासारख्या आवाजातून, माझ्या पोराचा आवाज आला. रडका नाही. वैतागलेला!

"आईला सांगा, मी कामावर हाय. नंतर फोन कर म्हनावं!"